मदत हवी आहे: ह्यूस्टनच्या सॉलिडवर्क्स कॉन्फरन्सला जायचंय, साहेबांना एका पानात काय लिहून देऊ?

नमस्कार मंडळी, धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

मी भोसरीत एका छोट्या कंपनीत डिझाइनला आहे, चौदा वर्षं झाली. आम्ही वेल्डिंग फिक्स्चर बनवतो, म्हणजे गाडीचे पत्र्याचे पार्ट वेल्ड करताना जागच्या जागी धरून ठेवायचे सांगाडे. डिझाइनला आम्ही तिघंच आणि सगळं काम सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर. २३ ते २६ फेब्रुवारी २०२५ ला ह्यूस्टनला त्यांची युजर कॉन्फरन्स आहे, पूर्वी सॉलिडवर्क्स वर्ल्ड म्हणायचे, २०२० पासून थ्रीडीएक्सपीरियन्स वर्ल्ड केलंय (आमच्याकडे हे नाव अजून कुणाच्या तोंडात बसलेलं नाही). मी सहज साहेबांकडे विषय काढला तर नाही म्हणाले नाहीत हो! म्हणाले, एका पानात लिहून दे की चार दिवसांतून कंपनीला काय आणशील, मग तिकिटाचं बघू.

आता गेले दोन आठवडे ते पान कोरंच आहे. जे लिहिते ते ब्रोशरसारखं वाटतं, नवीन टेक्नॉलॉजीची ओळख वगैरे, साहेब असलं वाचून हसतील. व्हिसाचा प्रश्न नाही, भावाकडे जायला काढलेला बी१/बी२ (अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा) आहे आणि कॉन्फरन्सला तो चालतो. कुणी गेलंय का? खरंच काय हाती लागतं? आपल्याकडे सॉफ्टवेअर विकणारे रिसेलर दरवर्षी नव्या व्हर्जनचा कार्यक्रम करतात तसंच असेल, दोन प्रेझेंटेशन आणि पनीरवाला बुफे, तर मग एवढ्या लांब कशाला जायचं. आणि इंग्रजी कळतं, पण अनोळखी माणसाशी आपणहून जाऊन बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते.

तिरकस_स्केच
मी २०१९ ला डॅलसला गेलो होतो, तेव्हा कंपनी मोठी होती म्हणून जमलं. सकाळी मोठ्या हॉलमध्ये सगळ्यांसाठी एक सेशन, त्यात दिवे, संगीत, भाषणं, ते सोडून द्या ताई, सकाळचं सेशन ऑनलाइनही दिसतं, ह्यूस्टनचे सकाळचे ८ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. कामाचं असतं ते दुपारच्या छोट्या खोल्यांत. शिकवणारे बरेचसे आपल्यासारखेच, रोज माउस घासणारे, आणि सेशन संपल्यावर पुढे जाऊन उभं राहिलं की तुमचं ऐकून घेतात. तिथे ओळख वगैरे करून द्यावी लागत नाही, सरळ प्रश्न विचारायचा. म्हणून पानात 'शिकून येईन' लिहू नका, 'हा प्रश्न घेऊन जाते' असं लिहा. मॉडेल मॅनिया म्हणून एक स्पर्धा पण असते, ड्रॉइंग देतात, घड्याळ लावून पार्ट बनवायचा, मग दुसरा कागद येतो त्यात बदल असतात, आणि ज्यानं पहिला पार्ट घाईत कसाही बांधलाय त्याचं सगळं एररनी लालेलाल. बघायला तरी जाच.

धागाकर्ती
हे पटलं. प्रश्न आहे माझ्याकडे. आमची एक लाइनची असेंब्ली, म्हणजे सगळे पार्ट जोडलेलं पूर्ण मॉडेल, उघडायला ११ मिनिटं लागतात. मी आठ दिवस मोबाइलवर वेळ लावून मोजलीयेत, कारण मशीन जुनं आहे म्हटलं की आयटीवाला रॅम वाढवून देतो आणि फरक शून्य.

के_फॅक्टर
११ मिनिटांसाठी ह्यूस्टन? ताई, आधी सॉलिडवर्क्समधलंच पर्फॉर्मन्स इव्हॅल्युएशन चालवा, कुठला पार्ट किती वेळ खातोय ते तिथेच दिसतं. पैज लावतो की तुमचे न्यूमॅटिक क्लॅम्प (हवेच्या दाबावर पत्रा पकडणारे) निघतील. कॅटलॉगमधून डाउनलोड करतो आपण, त्यात आतली स्प्रिंग, सील, स्क्रूचे आटे सगळं कोरलेलं असतं, आणि एका लाइनवर असे शे-दोनशे क्लॅम्प. डिफीचर करून आतलं सगळं काढून टाका, बाहेरचा आकार आणि माउंटिंगची भोकं ठेवा, बस.

भोसरीकर
आणि लॅपटॉपवर कस्टमरचं मॉडेल घेऊन अजिबात जाऊ नका, एनडीए (गुप्ततेचा करार) असतो. तोच त्रास देणारी डमी असेंब्ली घरी बनवा, चौकोनी ठोकळ्यांची चालेल. बाकी, लोकांनी मत दिलेल्या सुधारणांची टॉप टेन यादी असते ना तिथे, तिला हसू नका. जुन्या व्हर्जनमध्ये फाइल सेव्ह करता यावी म्हणून युजर किती वर्षं ओरडत होते, शेवटी २०२४ मध्ये दिली, तीही दोन व्हर्जन मागेपर्यंतच. तोवर मी कस्टमरला स्टेप फाइल पाठवायचो, त्यात नुसता आकार जातो, आणि तो फीचर ट्री (पार्ट कसा बांधला त्या पायऱ्यांची यादी) कुठे गेली म्हणून फोन करायचा.

उपवासाची_मिसळ
अवांतर: २६ तारखेला महाशिवरात्र आहे! राजगिऱ्याचे लाडू बॅगेत टाका. बाकी दिवस हिलक्रॉफ्टला महात्मा गांधी डिस्ट्रिक्ट आहे, तिथे आपलं सगळं जेवण मिळतं, फक्त डाउनटाउनपासून गाडीनं जावं लागेल. आणि स्वेटर न्याच, बाहेर थंडी बेताची असली तरी कन्व्हेन्शन सेंटरमधला एसी हाडं गोठवतो.

धागाकर्ती
के_फॅक्टर, पैज जिंकलात. क्लॅम्पच होते. तीन संध्याकाळी बसून डिफीचर केले, असेंब्ली ११ वरून ४ मिनिटांवर आली. आनंदानं साहेबांना सांगायला गेले तर म्हणाले, हे इथे बसूनच झालं की, मग तिकडे कशाला! माझ्याच हातानं माझं तिकीट फाडलं म्हणा.

पण मग उरलेल्या ४ मिनिटांच्या मागे लागले. आमच्यात एक जुनी सवय आहे, लोकेटर ब्लॉक (पत्रा नेमक्या जागी टेकवणारा ठोकळा) थेट असेंब्लीत बसून, कस्टमरच्या पत्र्याच्या कडेला बांधून काढायचा. कस्टमरनं पत्रा बदलला की चाळीस ब्लॉक आपोआप हलतात, मग काही तुटतात, मग तिघंही दोन दिवस एररच्या लाल खुणा मोजत बसतो. हे मुळापासून कसं बांधायचं ते पुण्यात मी तिघांना विचारलं, तिघांची तीन उत्तरं. तर पानात एवढंच लिहिलं: मागच्या वर्षी पत्रा किती वेळा बदलला, प्रत्येक वेळी आमचे किती दिवस गेले, आणि डमी असेंब्ली घेऊन मी कुठल्या दोन सेशनला बसणार. खाली एक ओळ, की शीट मेटलची सर्टिफिकेशन परीक्षा तिथे देता आली तर देऊन येईन.

साहेबांनी दिवसांच्या आकड्याखाली पेनानं दोनदा रेघ मारली आणि विचारलं, दोहामार्गे स्वस्त पडेल का इस्तंबूलमार्गे?

आता एकच उरलंय. आपल्या तीन पिनच्या चार्जरला तिकडे चालणारं कन्व्हर्टर तपकीर गल्लीत मिळेल ना, की विमानतळावर लुटून घ्यायचं?