भरतीचे कारण पाठ आहे, वेळ ठाऊक नाही: याला ज्ञान म्हणावे का?

प्रश्न (विज्ञान शिक्षिका, दापोली तालुका)

चंद्राच्या गुरुत्वाकर्षणामुळे भरती येते, हे माझे दहावीचे विद्यार्थी बिनचूक लिहितात. परंतु ‘आज चतुर्थी, मग भरती किती वाजता?’ असे विचारले, तेव्हा शाळेपासून हाकेच्या अंतरावर समुद्र असूनही एकालाही सांगता आले नाही. त्यांच्या आजोबांनी तिथीची पाऊणपट करून ‘तीन वाजता’ असे बसल्या जागी सांगितले असते. दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात पहिला येतो, याचा मला अभिमान आहे. तरीही विद्येचा एक पाव आचार्यांकडून, एक स्वतःच्या बुद्धीने, एक सहाध्यायांकडून आणि उरलेला काळाच्या ओघात मिळतो, असे सांगणारे जुने सुभाषित आठवले की, पहिल्या पावाखेरीज आपण मुलांना काय देतो, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

उत्तर (निवृत्त मुख्याध्यापक, महाड)

ताई, आपली तळमळ रास्त आहे. मात्र त्या आदर्शाचे दार किती जणांसाठी उघडे होते, हेही विचारले पाहिजे. आमच्या महाडात १९२७ साली चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. ज्यांना पाणी नाकारले, त्यांना विद्या कोण देणार होते? मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या बाबासाहेबांना कोलंबिया विद्यापीठाची वाट आधुनिक शिक्षणामुळेच मिळाली. शिवाय अर्थाविना पाठांतर हा आजचाच दोष नव्हे. वेद पढूनही अर्थ न जाणणाऱ्याला यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या प्राचीन ग्रंथात, ओझे वाहणारा खांब म्हटले आहे. म्हणून परंपरेतून मी ही कसोटी तेवढी घेईन, तिची कुंपणे नव्हे.

उत्तर (तांडेलाची, म्हणजे मासेमारी नौकेच्या प्रमुखाची मुलगी, वेंगुर्ले)

सर, आपले म्हणणे पटते. पण घरातला अनुभव सांगते. बाबांना पाऊणपटीचा हिशेब मुखोद्गत होता, ‘असे का?’ असे विचारले, तर ‘वाडवडिलांनी सांगितले’ एवढेच उत्तर मिळे. महाविद्यालयात गेल्यावर उलगडले की, तीस तिथींमध्ये भरतीची वेळ चोवीस तासांचा फेरा पुरा करते, म्हणजे एका तिथीमागे ती सरासरी ४८ मिनिटे पुढे सरकते. पाऊण तास म्हणजे ४५, तोंडी हिशेबाला सोपे. मी हे सांगितले, तेव्हा बाबांनी ते दोनदा समजून घेतले आणि पुढे दोन दिवस बंदरावर भेटेल त्याला तेच सांगत राहिले. कारण आणि वेळ एकाच घरात असूनही इतकी वर्षे एकमेकांना भेटली नव्हती, याचे मला आजही वाईट वाटते.

प्रश्नकर्तीकडून

आपला हिशेब उद्या फळ्यावर मांडते. येत्या अष्टमीला पाऊणपटीने भरती सहाच्या सुमारास यायला हवी. मुले धक्क्यावर थांबून प्रत्यक्ष वेळ टिपतील आणि फरक किती मिनिटांचा पडला, ते स्वतः शोधतील. एका विद्यार्थ्याचे आजोबा त्या दिवशी आमच्याबरोबर येणार आहेत.