मदत हवी आहे: मुलीला काजूची ॲलर्जी, आणि आमचं घरच काजूवर चालतं

भाटातली_सून

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतीच वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले, वाळपईच्या आत राहतो. घरची काजूची बागायत आहे. फेब्रुवारी-मार्चपासून पाऊस पडेपर्यंत अंगणात बिया वाळत पडलेल्या असतात आणि बोंडवांचा (काजूच्या फळांचा) वास केसांतूनसुद्धा जात नाही. माझी मुलगी आठ वर्षांची, वजन २२ किलो. तिला काजू चालत नाही. लग्नानंतर इतक्या वर्षांत या घरात एवढं अवघड वाक्य मी उच्चारलेलं नाही.

पहिल्यांदा झालं ते चवथीला (गणेश चतुर्थीला), ती तीन वर्षांची असताना. वाटीभर मणगणं (हरभऱ्याच्या डाळीची, काजू घातलेली खीर) खाल्लं आणि दहा मिनिटांत ओठ सुजले, मानेवर गांधी उठल्या, मग भडाभडा ओकली. हरभऱ्याची डाळ बाधली असं घरात ठरलं. सासूबाईंनी आमसुलाचं पाणी अंगाला चोळलं, दोन तासांत सगळं उतरलं, विषय मिटला.

दुसरी खेप गेल्या वर्षीची, फोंड्याला एका मुंजीत. पनीरच्या भाजीत काजू आहे का, हे मी विचारलं होतं. वाढपी म्हणाला, खसखस आहे. दोन घास झाले आणि ती म्हणाली, "आई, जिभेला टोचतंय." मग आवाज बसला. मग छातीतून शीळ यायला लागली. जवळच्या दवाखान्यात नेलं (नाव घेत नाही), तिथे अ‍ॅव्हिल (ॲलर्जीचं साधं औषध) टोचून बाकावर बसवून ठेवलं, "बघूया" म्हणाले. तिची नखं निळसर दिसायला लागली तेव्हा मी उचललं आणि दुसरीकडे पळाले. तिथल्या डॉक्टरांनी काही न विचारता मांडीत ॲड्रिनलिन दिलं. पाच-सात मिनिटांत पोरीच्या तोंडावर रंग आला. रात्रभर ठेवून घेतलं, कारण काही तासांनी परत उलटू शकतं म्हणे.

मग ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे गेलो. हातावर थेंब टाकून टोचायची चाचणी केली (त्याआधी आठवडाभर सर्दीच्या गोळ्या बंद). काजूची गांध ११ मिलिमीटर, पिस्त्याची ९. शेंगदाण्याला काहीच नाही. आंबा खाते, काही होत नाही. रक्तातलं काजूचं आयजीई (ॲलर्जी घडवणारी प्रतिपिंडं) ३४ आलं.

आता प्रश्न. डॉक्टरांनी ओमालिझुमॅब या इंजेक्शनचं नाव काढलं, पण खर्च ऐकून आम्ही गप्प बसलो. पुण्याच्या दिराने व्हॉट्सॲपवर कात्रण पाठवलं की या इंजेक्शनने दोन तृतीयांश मुलांची खाण्याची ॲलर्जी आटोक्यात येते, आणि कुठल्या तरी क्लिनिकल ट्रायलमध्ये नाव घाला, फुकट होईल. त्यावर सासूबाई उसळल्या: पोरीवर प्रयोग करायला ती काय उंदीर आहे? त्यांचं दुसरं म्हणणं असं, की आमच्या सगळ्यांच्या हातांची सालं दरवर्षी काजूच्या तेलाने जातात, कोण मेलं का?

ट्रायल म्हणजे नेमकं काय होतं, त्यात अर्ध्या मुलांना खोटं औषध देतात हे खरं का, आणि आपल्यासारख्यांनी शोधायचं कुठे? कुणी यातून गेलं असेल तर सांगा. आणि तोवर या घरात तिला सांभाळायचं कसं?

खाजनाकाठी

ताई, शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो. माझ्या मुलाला सुंगटांची (कोळंबीची) ॲलर्जी आहे. गोव्यात राहून सुंगटं बंद, म्हणजे आमचीही कथा तीच.

ॲड्रिनलिनची कुपी घरात आणि शाळेत, दोन्हीकडे ठेवा. परदेशातल्यासारखं तयार पेन आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून डॉक्टर १ मिलिलिटरची साधी कुपी आणि सिरिंज देतात. एका मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम असतं. मुलांना किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे २२ किलोला ०.२२ मिलिलिटर. पण हा आकडा माझ्याकडून घेऊ नका. डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि सिरिंजवर तेवढ्याच रेघेला मार्करने खूण करून घ्या. हात थरथरत असताना गणित जमत नाही, अनुभवाने सांगतो. इन्शुलिनची सिरिंज नको, सुई आखूड असते, स्नायूपर्यंत जात नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरूनही चालतं. मग १०८. तोवर तिला झोपवून पाय वर ठेवा. श्वास लागत असेल तर टेकून बसू दे, पण उभी करून चालवत नेऊ नका. अ‍ॅव्हिलने खाज कमी होते, कोंडलेला श्वास सुटत नाही.

आम्ही नारळाच्या पाण्याची सुई मारून सराव केला. शहाळ्यावर. हसू नका.

जुना_भाटी

एवढं काही नसतं. आमच्या काळी ॲलर्जी ऐकलीच नव्हती. काजूचा कण रोज जिभेवर चाटवा, महिन्यात सवय होते.

डिचोलीची_पुण्यात

वरचा सल्ला कृपा करून कुणी घरी करू नका. भाटीकाका, राग मानू नका. तुम्ही म्हणता त्याच कल्पनेवर रीतसर उपचार आहे, तोंडावाटे इम्युनोथेरपी. पण तिथे कण मिलिग्रॅममध्ये मोजलेला असतो, डोस वाढवायचा तो डॉक्टरांसमोर, आणि वाटेत रिॲक्शन येणार हे धरूनच चाललेलं असतं. इस्रायलमध्ये काजूवरच असा अभ्यास झाला, २०२२ साली छापून आला. ५० जणांपैकी ४४ जण ४००० मिलिग्रॅम काजू-प्रथिनापर्यंत पोहोचले आणि त्यांना पिस्ताही चालू लागला. चमच्याने चाटवून हे होत नाही.

मी मूळची डिचोलीची, पुण्यात क्लिनिकल ट्रायल कोऑर्डिनेटर आहे. संमतीपत्रं समजावून सांगणं हेच रोजचं काम, म्हणून सविस्तर लिहिते.

दिरांनी पाठवलेलं कात्रण बहुतेक अमेरिकेतल्या आउटमॅच अभ्यासाचं असणार. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो छापून आला, त्याच महिन्यात तिथल्या एफडीएने (औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने) खाण्याच्या ॲलर्जीसाठी ओमालिझुमॅबला मान्यता दिली. दम्याला आणि अंगावर उठणाऱ्या जुनाट पित्ताला ते त्याआधीपासून देतात. रक्तातलं मोकळं आयजीई ते धरून ठेवतं, त्यामुळे आयजीई पेशींवर चिकटून भडका उडवू शकत नाही. एवढंच त्याचं काम. इंजेक्शन थांबवलं की काम थांबतं.

आता 'दोन तृतीयांश' कुठून आलं? तो आकडा शेंगदाण्याचा आहे. १६ ते २० आठवडे इंजेक्शनं घेतल्यावर ६०० मिलिग्रॅम शेंगदाणा-प्रथिन पचवणारी मुलं ६७ टक्के होती, खोट्या इंजेक्शनवाल्यांत ७ टक्के. तुमच्या कामाचा आकडा काजूचा. १००० मिलिग्रॅम काजू-प्रथिन ४१ टक्क्यांना चाललं, दुसऱ्या गटात ३ टक्क्यांना. १००० मिलिग्रॅम म्हणजे साधारण साडेतीन-चार गर. चुकून भाजीतून पोटात गेलेल्या काजूपुरतं हे मोठं संरक्षण आहे, पण दहातल्या सहा मुलांना तेवढं मिळालं नाही हेही तितकंच खरं. शिवाय औषध चालू असतानाही पथ्य सोडायचं नाही. त्या अभ्यासात औषध घेऊनही १४ टक्के मुलांना ३० मिलिग्रॅम शेंगदाणा-प्रथिनसुद्धा सोसलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट कात्रणात नसते. त्या अभ्यासात जायला शेंगदाणा आणि त्याशिवाय किमान दोन पदार्थांची ॲलर्जी लागत होती. तुमच्या मुलीला शेंगदाणा चालतो, म्हणजे तिला तिथे घेतलंच नसतं. ट्रायल फुकटची योजना नसते, तिची दारं अशीच अरुंद असतात. आणि आत जाण्याआधी बहुतेक वेळा तोच पदार्थ लपवून, मोजून खायला घालतात आणि रिॲक्शन येते का ते पाहतात. डॉक्टर, नर्स, ॲड्रिनलिन सगळं शेजारी असतं. तरी मुंजीतला तो प्रसंग पाहिलेल्या आईने हे ऐकून मगच ठरवावं.

खोट्या औषधाचं: अर्ध्यांनाच असं नाही. आउटमॅचमध्ये दोघांना खरं, एकाला खोटं, असं प्रमाण होतं. चिठ्ठी कुणाच्या नावाची हे डॉक्टरांनाही माहीत नसतं. नाहीतर ७ आणि ३ टक्के कळलेच नसते, आपण सगळं श्रेय इंजेक्शनला दिलं असतं.

शोधायचं सीटीआरआयवर, म्हणजे भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदवहीवर. ती २००७ पासून आहे, आणि १५ जून २००९ पासून औषधांच्या ट्रायलची नोंद सक्तीची आहे. कुणीही उघडून पाहू शकतं. कुणी ट्रायलचं नाव सांगितलं तर आधी हा क्रमांक मागायचा. देत नसतील तर उठून यायचं.

सासूबाईंना सांगा, उंदराला सही करावी लागत नाही. २०१९ च्या नियमांनुसार ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई द्यावी लागते. संमतीचा कागद तुम्हाला कळणाऱ्या भाषेत हवा, मराठीत मागा. मधेच कधीही बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. आणि सात वर्षांवरच्या मुलांना स्वतःला विचारावं लागतं. तुमची लेक आठ वर्षांची. ती नाही म्हणाली तर नाही.

खाजनाकाठी

हाताची सालं जातात त्याबद्दल कुणी बोललं नाही.

डिचोलीची_पुण्यात

हो, राहिलंच. ते वेगळं प्रकरण आहे. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं आणि काहींना त्याचा उशिरा येणारा पुरळही उठतो, बिब्ब्याने उततं ना, त्याच जातीचा. त्यात आयजीई नसतं आणि श्वास कोंडत नाही. मुलीची ॲलर्जी गरातल्या प्रथिनाची आहे, आणि ते भाजल्याने जात नाही. त्यामुळे सासूबाईंचे हात आणि नातीचा घसा यांची तुलना होत नाही. झाडाखाली खेळू दे. सोललेल्या गरांचं काम मात्र तिच्यापासून लांब, आणि हात साबणाने धुऊनच तिच्या ताटाला लावायचे. सॅनिटायझरने प्रथिन जात नाही.

भाटातली_सून

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री हा धागा सासूबाईंना वाचून दाखवला. हातांचं ऐकून त्या बराच वेळ आपले तळवे बघत बसल्या. मग विचारलं, "ज्या पोरांना खोटं टोचलं त्यांना मागाहून खरं दिलं की नाही?" मला उत्तर येईना.

ट्रायल सध्या नको असं आम्ही दोघांनी ठरवलंय. इंजेक्शनचं डॉक्टरांशी पुन्हा बोलू, या वेळी काजूचा आकडा घेऊन. कुपी आणली. शहाळंही आणलं.

डिचोलीची_पुण्यात

आजींचा प्रश्न फार चांगला आहे, एथिक्स कमिटीतही (ट्रायल नैतिक आहे का ते तपासणाऱ्या समितीतही) हाच विचारतात. आउटमॅचमध्ये पहिला टप्पा पूर्ण केलेल्या पहिल्या ६० जणांना पुढचे २४ आठवडे खरंच औषध दिलं, आधी खोटं मिळालेल्यांनाही.

भाटातली_सून

सांगते त्यांना. आता त्यांचं चाललंय की यंदा चवथीच्या मणगण्यात काजूऐवजी चारोळी घालू.

डिचोलीची_पुण्यात

थांबा! चारोळीही काजूच्याच कुळातली. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. खोबऱ्याचे काप घाला.