आधी गिरणी आणि हिंग बघा

सीलिॲक (गव्हासारख्या धान्यातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार) निघाला की ग्लुटेन-फ्री पिठं-बिस्किटांनीच बजेट कोलमडतं असं बरेच जण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी यात मुळातच ग्लुटेन नसतं आणि त्या दगडासारख्या पाकीटबंद ब्रेडपेक्षा भाकरी कधीही स्वस्त. लेकीचं निदान झाल्यावर आम्हीपण महिनाभर ती पाकिटं आणली, मग बंद.

खरी गोची वेगळीच होती, रोज भाकरी खाऊनही तिचं पोट दुखायचं थांबेना, तेव्हा डाएटिशियननी पहिला प्रश्न विचारला, पीठ कुठून दळून आणता? गिरणीत आधी गहू दळलेला असला की त्याचं पीठ जात्यात राहतं आणि आपल्या ज्वारीत उतरतं. घरघंटी तेव्हा परवडत नव्हती म्हणून अजूनही नाचणी-तांदूळ मिक्सरला थोडं थोडं काढून चाळून घेते, भाकरी जरा जाडीभरडी होते पण चालतं. दुसरं म्हणजे हिंग! बांधणी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो, म्हणजे फोडणीतूनच रोज पोटात जात होतं. तांदळाच्या पिठातलं हिंगपण मिळतं, डबीवरचे घटक वाचूनच घ्या.