मदत हवी आहे : दादाची दारू ‘सवय’ आणि पुतण्याचा गांजा ‘विष’, घरच्यांना कसं समजावू?

नमस्कार मंडळी,

गणपतीत पुतण्या पुण्याहून घरी आला आणि वहिनीला त्याच्या बॅगेत गांजाची पुडी सापडली. पोरगा १९ वर्षांचा. घरात नुसता आकांत. आई देवासमोर बसून रडत होती, “आपल्या घरात हे विष कुठून आलं!”

माझा मोठा भाऊ १५-१६ वर्षं रोज पितो. आता दोन क्वार्टर होतात. सकाळी हात इतके थरथरतात की चहा बशीत ओतला तर अर्धा सांडतो, म्हणून वहिनी त्याला अर्धाच कप देते. पण त्याला घरात ‘सवय’ म्हणतात. “निदान गर्द तर घेत नाही ना,” हे आईचं ठरलेलं वाक्य. (गर्द म्हणजे हेरॉईनच.)

दरवर्षीप्रमाणे यंदाही त्याने गणपतीत बाटली बंद केली. तिसऱ्या दिवशी पहाटे पाहतो तर तो चादरीवरून मुंग्या वेचत होता. चादरीवर काही नव्हतं. अंग घामाने निथळत होतं, मला ओळखेना. दवाखान्यात पोचेपर्यंत फिट आली. डॉक्टर म्हणाले, अचानक दारू तोडल्यामुळे झालं, यात जीवही जातो.

तेव्हापासून वाचतोय. गर्द सुटताना माणूस तळमळतो, उलट्या-जुलाब होतात, पण त्यात सहसा जीव जात नाही. धोका असतो तो जास्त डोस झाल्यावर श्वास थांबण्याचा. दारूचं मात्र सुटणंच जिवावर बेतू शकतं. २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डेव्हिड नट आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या २० पदार्थांची तुलना केली होती. एकूण हानीचे १०० पैकी गुण : दारू ७२, हेरॉईन ५५, तंबाखू २६, गांजा २०. यात घरच्यांना, समाजाला होणारा त्रासही धरलाय. फक्त घेणाऱ्याचं नुकसान पाहिलं तर हेरॉईन दारूच्या पुढेच आहे. व्यसन जडण्याचंही तसंच. १९९४ च्या एका अमेरिकन अभ्यासात, कधीतरी घेतलेल्यांपैकी तंबाखूचं व्यसन जडलेले सुमारे ३२ टक्के, हेरॉईनचं २३, दारूचं १५, गांजाचं ९.

म्हणून गांजा चालेल असं मी अजिबात म्हणत नाही. या वयात रोज ओढला तर अभ्यास तर जातोच, काही मुलांना भास-संशयाचा आजार लागतो. पण पोराला बापासमोर उभं करून शिव्या घालायच्या आणि बापाला संध्याकाळी चकणा द्यायचा, हे मला बघवत नाही. पोरगा फक्त एवढंच म्हणाला, “काका, बाबांना कोणी काही बोलतं का?” मला उत्तर देता आलं नाही.

अनुभवी लोकांनी कृपया सांगा :

दारू सोडवताना पहिले काही दिवस दाखल करणं गरजेचंच असतं का? मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात फिट येऊन गेलेल्या माणसाला थेट घेतात, की आधी हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागतं?

भाऊ ‘मी काय बेवडा आहे का’ म्हणून उठून जातो. तुमच्या घरातला माणूस कोणाच्या बोलण्याने तयार झाला?

पुतण्याला समुपदेशकाकडे न्यायचंय. बाप-लेकाला एकाच ठिकाणी न्यावं की वेगवेगळं?

जरा लवकर सांगा. दवाखान्यातून आल्यावर आठवड्यात भावाने पुन्हा सुरू केली, आणि कालपासून म्हणतोय, “पाडव्याला सोडतो बघ, घरच्या घरी.”