१२९ वर्षांतलं पहिलं वादळ?
२०२० चं निसर्ग चक्रीवादळ हे १२९ वर्षांत मुंबईजवळ आलेलं पहिलंच वादळ असं म्हणताय, तेव्हा बातम्यांतही हेच फिरत होतं, पण बरोबर नाही हो, नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबईला चक्रीवादळाचा तडाखा बसला होता. उलट १८८२ ला मुंबईत चक्रीवादळात लाखभर माणसं गेली म्हणतात त्याचा त्या काळच्या कागदपत्रांत पत्ताच नाही, तरी एका यादीतून दुसरीत कॉपी होत राहिलं, याचा मला खरंच राग येतो. आणि हवामानाचे सॅटेलाइट आले १९६० पासून, त्याआधी भर समुद्रातलं वादळ म्हणजे जहाजाच्या लॉगबुकात आलं तेवढंच, जहाज तिकडे नसेल तर नोंदच नाही, त्यामुळे जुन्या वादळांचे आकडे कमीच दिसणार. ३ जून २०२० ला निसर्ग रायगडात धडकलं आणि नाशिकपर्यंत येताना जोर ओसरला होता तरी आमच्या कांदाचाळीचे पत्रे उडाले, सगळा कांदा भिजला.