ड्रॉपडाउनची यादी कुठे ठेवायची, कोडमध्ये की डेटाबेसमध्ये?

प्रश्न:
आमच्या ॲपमध्ये वीसेक ड्रॉपडाउन आहेत, देश, ऑर्डरचं स्टेटस, तक्रारीचं कारण वगैरे, आणि सगळे ऑप्शन थेट एचटीएमएलमध्येच टाईप केलेत. परवा एका कारणाचं नाव बदलायचं होतं, तीन पेजवर बदललं आणि चौथं राहूनच गेलं, आता रिपोर्टमध्ये एकच कारण दोन नावांनी येतंय. प्रत्येक यादीला वेगळं टेबल करू, सगळ्यांचं मिळून एकच करू, की जेसन फाइलने (डेटा ठेवायची साधी टेक्स्ट फाइल) भागेल?

उत्तर:
आधी बघा ती यादी बदलणार कोण. स्टेटसवर कोडमध्ये इफ-एल्स लिहिलेलं असतं, त्यामुळे ते कोडमध्येच एनम म्हणून, म्हणजे ठरलेल्या नावांची पक्की यादी म्हणून ठेवा, टेबलात कुणी नवीन स्टेटस टाकलं तरी कोडला त्याचं काय करायचं ते कळणार नाहीच. तक्रारीची कारणं मात्र ऑफिसातली माणसं बदलणार, ती डेटाबेसमध्ये, सोबत छोटी ॲडमिन स्क्रीन द्या. एकच मोठं टेबल नका करू हो! आम्ही केलं होतं. फॉरेन की, म्हणजे एका टेबलाचा कॉलम दुसऱ्या टेबलाशी जोडणारा नियम, फक्त तो आयडी टेबलात आहे का एवढंच बघते, मग देशाच्या कॉलममध्ये तक्रारीच्या कारणाचा आयडी जाऊन बसला आणि डेटाबेसने हूं की चूं केलं नाही.

दुसरं उत्तर:
सहमत. आणि सेव्ह करताना ऑप्शनचं नाव नको, त्याचा ठरलेला छोटा कोड सेव्ह करा. स्वाझीलँडचं २०१८ मध्ये एस्वातिनी झालं पण आयएसओ कोड (देशाचा आंतरराष्ट्रीय दोन अक्षरी कोड) एसझेडच राहिला, म्हणजे देशांच्या टेबलात एक ओळ बदलली की काम झालं. जुना ऑप्शन डिलीट करू नका, ॲक्टिव्ह आहे की नाही असा कॉलम ठेवा. फक्त एडिट फॉर्मकडे नीट लक्ष द्या, जुनी नोंद उघडली आणि तिचा बंद केलेला ऑप्शन यादीत नसला तर ब्राउझर गुपचूप पहिलाच ऑप्शन दाखवतो, माणूस फक्त फोन नंबर बदलून सेव्ह करतो आणि कारणही बदलून जातं. तो एक ऑप्शन त्या नोंदीपुरता यादीत घालावाच लागतो.

प्रश्नकर्ता:
हे डोक्यातच आलं नव्हतं, थँक्स. पण मग दर पेजला डेटाबेसकडे एवढ्या क्वेरी?

पहिलं उत्तर देणारा:
कॅशे करा ना, म्हणजे याद्या एकदा वाचून सर्व्हरच्या मेमरीत ठेवा. ॲडमिनमधून सेव्ह झालं की कॅशे उडवायचा, सर्व्हर एकाहून जास्त असतील तर रेडिससारखा (मेमरीत डेटा ठेवणारा वेगळा प्रोग्राम) सगळ्यांना मिळून एक कॅशे ठेवा. आणि फॉर्म आला की आलेली व्हॅल्यू खरंच यादीत आहे का ते सर्व्हरवर परत तपासा, ब्राउझरमधून कुणीही काहीही पाठवू शकतो.