चौदा मिलिमीटरचा मुतखडा: बाहेरून लहरी, लेसर की पाठीतून दुर्बीण?

प्रश्न (जिंतूर, जि. परभणी)
नमस्कार. माझ्या वडिलांच्या डाव्या किडनीच्या खालच्या कप्प्यात १४ मिलिमीटरचा खडा निघाला असून सिटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये त्याची घनता १,२५० हाउन्सफिल्ड युनिट लिहिली आहे. परभणीच्या डॉक्टरांनी लेसर सुचवला, नांदेडच्या डॉक्टरांनी पाठीतून दुर्बीण घालून खडा काढू असे सांगितले, आणि भावकीतले लोक म्हणतात की बाहेरून लहरी देऊन खडा फुटत असताना ऑपरेशन कशाला करता. वडिलांची अँजिओप्लास्टी झालेली असल्यामुळे रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (मूत्ररोगतज्ज्ञ, छत्रपती संभाजीनगर)
बाहेरून लहरी देण्याचा उपचार १९८० मध्ये जर्मनीत पहिल्यांदा रुग्णावर झाला आणि लहान, मऊ खड्यांसाठी तो आजही चांगला आहे. मात्र त्यात खडा फक्त फुटतो. तुकडे लघवीवाटे आपोआप बाहेर पडावे लागतात. खालच्या कप्प्यातले तुकडे वर चढून बाहेर पडणे अवघड असते, शिवाय घनता १,००० च्या वर गेली की खडा नीट फुटत नाही. त्यातच रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना लहरी दिल्यास किडनीभोवती रक्तस्राव होऊ शकतो, त्यामुळे तुमच्या वडिलांसाठी मी हा मार्ग सुचवणार नाही.

पाठीतून दुर्बीण घालून खडा फोडला की तुकडे तिथल्या तिथे काढता येतात, म्हणून २० मिलिमीटरपेक्षा मोठ्या खड्यांना हीच पहिली पसंती असते. पण दुर्बिणीचा मार्ग थेट किडनीतून जात असल्याने रक्तस्रावाचा धोका इतर पद्धतींपेक्षा जास्त राहतो. लेसरमध्ये लवचिक दुर्बीण लघवीच्या मार्गानेच किडनीपर्यंत नेतात, कुठेही छेद लागत नाही आणि होल्मियम लेसरने कठीण खड्याचाही चुरा होतो. या आकाराच्या खड्याला दोन्ही पद्धती मान्य आहेत, त्यामुळे दोन्ही डॉक्टरांचे म्हणणे चूक नाही. गोळीचा विचार करता माझा कल लेसरकडे आहे. कधी कधी त्यासाठी दुसऱ्यांदा भूल द्यावी लागते, हे आधीच समजून घ्या. हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय गोळी एक दिवसही बंद करू नका.

उत्तर (लातूर)
माझ्या मोठ्या भावाचे लेसरने ऑपरेशन झाले, तेव्हा आत डीजे स्टेंट, म्हणजे किडनीपासून मूत्राशयापर्यंतची तात्पुरती बारीक नळी, ठेवला होता. तो असेपर्यंत लघवीला सारखे जावे लागे, लघवीच्या शेवटी कमरेत कळ येई आणि कधी लघवी लालसर होई. हे होऊ शकते असे आम्हाला कोणीच सांगितले नव्हते, म्हणून घरचे फार घाबरले. स्टेंट काढण्याची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या, कारण विसरून राहिलेल्या स्टेंटवरच पुढे खडे धरतात.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. ज्वारीची काढणी उरकेपर्यंत थांबले तर चालेल का?

उत्तर (मूत्ररोगतज्ज्ञ, छत्रपती संभाजीनगर)
ताप नसेल, लघवी अडत नसेल आणि किडनीला सूज नसेल, तर तुमच्या डॉक्टरांशी बोलून थोडे थांबता येते. थंडी वाजून ताप आला तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा, कारण अडलेल्या किडनीत जंतुसंसर्ग झाला की आधी लघवीला वाट करून द्यावी लागते आणि खडा नंतर काढतात. ऑपरेशनपूर्वी लघवीचे कल्चर, म्हणजे जंतू आहेत का याची तपासणी, करून घ्या, आणि निघालेले तुकडे टाकून न देता प्रयोगशाळेत पाठवा. खडा कशाचा आहे हे कळले, तरच पुढचे पथ्य नेमके सांगता येते.